लहान पेटीतला संगणक : सुट्या भागांची निवड आणि उष्णतेचा हिशेब

सुट्या भागांतून संगणक जुळवून घेणारे ग्राहक सामान्यतः एका ठरावीक क्रमाने खरेदी करतात. आधी प्रोसेसर निवडला जातो, मग त्याला साजेसा मदरबोर्ड, त्यानंतर ऐपतीप्रमाणे ग्राफिक्स कार्ड, आणि सर्वांत शेवटी हे सगळे ज्यात बसेल असे एखादे कॅबिनेट. चाळीस-पन्नास लिटर घनफळाच्या उभ्या टॉवरमध्ये हा क्रम निभावून जातो, कारण तिथे जागा मुबलक असते आणि एखादा भाग अपेक्षेपेक्षा दोन सेंटीमीटर लांब किंवा पन्नास वॉट जास्त तापट निघाला, तरी बाकीच्या रचनेला त्याची झळ पोहोचत नाही. दहा-बारा लिटरच्या आटोपशीर कॅबिनेटमध्ये मात्र प्रत्येक भागाची निवड दुसऱ्या कोणत्या तरी भागाची जागा, हवा किंवा वीज कमी करत असते. त्यामुळे तिथे निवडीचा क्रम जवळजवळ उलटा करावा लागतो आणि स्वतंत्रपणे उत्तम असलेल्या भागांपेक्षा परस्परांना सोसणारे भाग शोधावे लागतात. ही निवड मिलिमीटर, वॉट आणि अंश सेल्सिअस या तीन मापांत चालते, आणि या तिघांपैकी शेवटचा शब्द बहुधा अंशांचा, म्हणजे उष्णतेचा असतो.

आकाराची मानके

संगणकाचा मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर प्रोसेसर, मेमरी आणि इतर सर्व भाग जोडले जातात तो मुख्य परिपथफलक, किती मोठा असावा आणि त्याचे स्क्रू कुठे यावेत याची मानके ठरलेली असल्यामुळेच वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांशी जुळतात. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये आणलेले एटीएक्स हे मानक ३०५ बाय २४४ मिलिमीटरचे असून आजही मोठ्या टॉवरमध्ये तेच रूढ आहे. त्याचे आखूड रूप असलेला मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटरचा चौरस असतो. तैवानच्या व्हीआयए टेक्नॉलॉजीज या कंपनीने २००१ मध्ये १७० मिलिमीटर बाजूचा मिनी-आयटीएक्स हा चौरस मांडला. त्यामागचा मूळ हेतू कमी विजेवर चालणाऱ्या, उपकरणांत बसवायच्या साध्या संगणकांचा होता. परंतु याचे स्क्रू एटीएक्सच्या छिद्रांशी जुळत असल्यामुळे आणि त्यावर नेहमीचा पूर्ण आकाराचा प्रोसेसर बसवता येत असल्यामुळे पुढे हौशी जुळणी करणाऱ्यांनी तोच आपला पाया मानला. क्षेत्रफळाने पाहिले तर मिनी-आयटीएक्स हा एटीएक्सच्या साधारण ३९ टक्के भरतो.

ही बचत फुकट होत नाही. एटीएक्स फलकावर मेमरीच्या चार खाचा आणि विस्तार-कार्डांसाठी तीन-चार खाचा असतात, तर मिनी-आयटीएक्सवर सर्वसाधारणपणे मेमरीच्या दोन आणि विस्तारासाठी एकच खाच मिळते. ती एक खाच ग्राफिक्स कार्डाने व्यापली, की दुसरे कोणतेही कार्ड बसवायला वाव राहत नाही. म्हणूनच या आकाराच्या बहुतेक मदरबोर्डांवर वायफाय आधीच बसवलेले असते. शिवाय तेवढ्याच जोडण्या लहान फलकावर दाटीने बसवायच्या असल्याने त्यात थर वाढतात, मागणी तुलनेने कमी असते, आणि परिणामी सारख्याच क्षमतेचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड मायक्रो-एटीएक्सपेक्षा महाग पडतो. ज्याला जागेची खरी निकड नाही, त्याने लहान मायक्रो-एटीएक्स कॅबिनेटचा विचार आधी करणे व्यवहाराला धरून आहे.

उष्णता हीच खरी मर्यादा

संगणकाने ओढलेली जवळजवळ सगळी वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. तीनशे वॉट वापरणारा संगणक म्हणजे तीनशे वॉटचा हीटरच होय, आणि ती उष्णता पेटीबाहेर नेण्याचे काम हवेला करावे लागते. किती हवा लागते याचा हिशेब शालेय भौतिकशास्त्रात बसतो. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते आणि एक किलोग्रॅम हवेचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे एक हजार ज्यूल उष्णता लागते. पेटीतून बाहेर पडणारी हवा आत शिरलेल्या हवेपेक्षा दहा अंशांहून अधिक तापू नये असे ठरवले, तर तीनशे वॉटसाठी दर सेकंदाला सुमारे २५ लिटर हवा खेळती ठेवावी लागते. म्हणजेच दहा लिटरच्या पेटीतील संपूर्ण हवा सेकंदाला अडीच वेळा बदलली पाहिजे. पन्नास लिटरच्या टॉवरलाही हवा तेवढीच लागते, परंतु तिथे ती मोठ्या, मंद फिरणाऱ्या चार-पाच पंख्यांनी आणि रुंद मार्गांनी सहज वाहते. लहान पेटीत मार्ग अरुंद, वळणे जास्त आणि पंख्यांना जागा कमी, त्यामुळे तेच काम वेगाने फिरणाऱ्या लहान पंख्यांवर आणि पर्यायाने आवाजावर जाते.

उष्णतेकडे दुर्लक्ष केल्यास मोठ्या कंपन्यांचाही अंदाज चुकतो, हे अॅपलच्या २०१३ मधील मॅक प्रो या संगणकाने दाखवून दिले. काळ्या दंडगोलाच्या आकाराच्या त्या यंत्रात प्रोसेसर आणि दोन ग्राफिक्स चिप एकाच त्रिकोणी धातूच्या गाभ्याभोवती बसवल्या होत्या आणि वरचा एकच मोठा पंखा तिन्ही बाजूंची उष्णता ओढून घेत असे. दोन मध्यम तापणाऱ्या चिपांसाठी ही रचना देखणी आणि शांत होती. पुढील वर्षांत मात्र ग्राफिक्सचे क्षेत्र एकाच मोठ्या, अधिक वीज खाणाऱ्या चिपकडे वळले आणि तशी चिप त्या त्रिकोणाच्या एका बाजूवर थंड ठेवता येईना. २०१७ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ही औष्णिक कोंडी जाहीरपणे मान्य केली, आणि २०१९ चा मॅक प्रो पुन्हा नेहमीच्या, हवेशीर टॉवरच्या रूपात आला. पेटीची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता एकदा ठरली की पुढच्या सुधारणांचीही सीमा ठरते, हा त्या प्रकरणाचा अर्थ घरगुती जुळणीलाही तंतोतंत लागू पडतो.

भारतीय हवामानात या हिशेबात आणखी एक पद वाढते. प्रोसेसरवर बसवलेला कूलर त्याचे तापमान खोलीच्या तुलनेत ठरावीक अंशांनी वर ठेवतो. तो खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. परदेशी परीक्षणे बहुधा २० ते २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत केलेली असतात. तिथे ७५ अंशांवर स्थिरावलेला प्रोसेसर म्हणजे खोलीपेक्षा पन्नास अंश वर. तोच कूलर, तोच भार आणि तीच पेटी नागपूर किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात, पंख्याखालच्या ३८ अंशांच्या खोलीत ठेवली, तर तापमान सुमारे ८८ अंशांवर जाते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ अंश असल्याने यंत्र बंद पडत नाही, पण मर्यादेजवळ पोहोचताच ते स्वतःचा वेग उतरवू लागते आणि पंखे पूर्ण आवाजात फिरतात. म्हणून परीक्षणातील तापमान वाचताना ते किती अंशांच्या खोलीत मोजले, हे पाहून आपल्याकडील उन्हाळ्याचा फरक त्यात मिळवणे आवश्यक ठरते.

आधी काम, मग कॅबिनेट

यावरून पहिली पायरी आपोआप निश्चित होते. संगणकाकडून नेमके कोणते काम घ्यायचे आहे आणि त्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागते की नाही, एवढे आधी ठरवावे. पत्रव्यवहार, हिशेब, मुद्रणासाठी पानांची जुळवणी, प्रोग्रॅमिंग, चित्रपट पाहणे, साधे छायाचित्र-संपादन या कामांना वेगळे कार्ड लागत नाही. त्रिमितीय रचना, मोठ्या व्हिडिओंचे संपादन, नवे खेळ आणि यंत्राला शिकवण्याचे प्रयोग यांना ते लागते. कार्ड नसेल तर चार-पाच लिटरची पेटी पुरते, कार्ड असेल तर सात लिटरच्या खाली उतरणे अवघड होते.

कॅबिनेटचे घनफळ रुंदी, खोली आणि उंची यांच्या सेंटीमीटरमधील गुणाकाराला हजाराने भागले की लिटरमध्ये मिळते. या आकड्याने पेट्यांची ढोबळ वर्गवारी होते, परंतु निवडीसाठी आतील रचना अधिक महत्त्वाची असते. एका प्रकारात मोठ्या टॉवरसारखेच कार्ड मदरबोर्डावर काटकोनात उभे बसते. कूलर मास्टरचे सव्वाअठरा लिटरचे एनआर२०० हे या प्रकारचे परिचित उदाहरण असून त्यात उंच कूलर, लांब कार्ड आणि अनेक पंखे असे सगळे मावते. दुसऱ्या प्रकारात मदरबोर्ड आणि कार्ड एका उभ्या पत्र्याच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसतात आणि रायझर नावाच्या चपट्या केबलने जोडले जातात. यामुळे पेटी बारीक होते आणि कार्डाचे पंखे थेट जाळीदार बाजूतून बाहेरची ताजी हवा ओढतात, हा त्याचा मोठा लाभ आहे. उलट प्रोसेसरवरच्या कूलरला मिळणारी उंची फार कमी होते. सुमारे सात लिटरच्या डॅन ए४ या गाजलेल्या पेटीत ती जेमतेम ४८ मिलिमीटर होती.

फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडिश कंपनीच्या १०.४ लिटरच्या टेरा या कॅबिनेटमध्ये मधला पत्रा सरकवता येतो आणि त्यातून या रचनेचे मर्म लख्ख दिसते. पत्रा एका टोकाला नेला तर कूलरला ७७ मिलिमीटर आणि कार्डाला ४३ मिलिमीटर जाडी मिळते. दुसऱ्या टोकाला नेला तर कूलरला ४८ आणि कार्डाला ७२. दोन्ही वेळा बेरीज १२० मिलिमीटरच भरते. कार्डाला दिलेला प्रत्येक मिलिमीटर प्रोसेसरच्या कूलरमधून कापला जातो, म्हणून दोघांपैकी कोणाच्या कामाला प्राधान्य द्यायचे हे पत्रा कसण्यापूर्वी, किंबहुना पैसे देण्यापूर्वी ठरलेले असावे लागते.

कॅबिनेट निवडताना निर्मात्याच्या तक्त्यातील चार मापे लिहून घ्यावीत: कूलरची कमाल उंची, कार्डाची कमाल लांबी, कार्डाची कमाल जाडी आणि वीजपुरवठा-संचाचे मानक. कार्डाची जाडी बहुधा खाचांमध्ये सांगितली जाते. एक खाच म्हणजे २०.३२ मिलिमीटर, म्हणून दोन खाचांचे कार्ड सुमारे ४० मिलिमीटर जाड असते आणि अडीच खाचांचे पन्नासच्या घरात जाते. या तक्त्यात न दिसणारी एक गोष्ट म्हणजे कार्डाच्या कडेला खुपसायची वीजकेबल. तिला वळायला काही सेंटीमीटर लागतात आणि ती तीव्रपणे मुडपली तर जोड सैल राहून तापण्याचा धोका असतो. रायझर केबलबाबतही सावधगिरी हवी. पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीच्या तिसऱ्या पिढीसाठी बनलेली केबल चौथ्या पिढीच्या कार्डाला जोडली, तर पडद्यावर काहीच न उमटणे किंवा संगणक मधूनच अडखळणे असे प्रकार होतात. अशा वेळी बायोस या मूळ मांडणी-कार्यक्रमात जाऊन वेग तिसऱ्या पिढीवर बांधून ठेवावा लागतो.

प्रोसेसर : वॉट वाचण्याची कला

प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेला वॉटचा आकडा आणि तो प्रत्यक्ष ओढत असलेली वीज यांत फरक असतो. एएमडीच्या सध्याच्या एएम५ या बैठकीवरील ६५ वॉटचा रायझन ५ ७६०० पूर्ण भाराखाली ८८ वॉटपर्यंत जाऊ शकतो. इंटेलच्या कोअर आय५ १२४०० वर ६५ वॉट हा मूळ आकडा असला, तरी जोराच्या कामात त्याची अधिकृत मर्यादा ११७ वॉट आहे. लहान पेटीसाठी कूलर निवडताना दुसरा आकडा धरावा. ३७ मिलिमीटर उंचीचा नॉक्टुआचा एनएच-एल९ किंवा त्याच जातीचे बुटके कूलर ६५ वॉटच्या वर्गाला कसेबसे पुरतात. १२० मिलिमीटरचा पंखा बसेल एवढी उंची मिळाली तर चित्र बदलते, कारण ९२ मिलिमीटरच्या पंख्याच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ सुमारे १.७ पट असते आणि तेवढीच हवा तो कमी वेगाने, म्हणून कमी आवाजात हलवतो.

प्रोसेसर थोडासा आवरला तर उष्णता मोठ्या प्रमाणात कमी होते, हे या विषयातील सर्वांत उपयोगी तत्त्व म्हणता येईल. चिपमधील स्विचिंगसाठी खर्च होणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात बदलते. शेवटची काही टक्के वारंवारता गाठण्यासाठी व्होल्टेज बरेच वाढवावे लागते, आणि ते वर्गाने मोजले जात असल्याने वॉटचा आकडा झपाट्याने फुगतो. उलट दिशेने पाहिले, तर वारंवारता ५ टक्के आणि व्होल्टेज १० टक्के उतरवले असता ही शक्ती मूळच्या ७७ टक्क्यांवर येते. म्हणजे वेगातली किंचित घट सोसून जवळजवळ चतुर्थांश उष्णता टळते. एएमडीच्या मदरबोर्डांवरील इको मोड हे याच तत्त्वावर चालतात आणि ग्राफिक्स कार्डांवरही सॉफ्टवेअरमधून वीजमर्यादा खाली आणता येते. त्यामुळे मोठ्या क्षमतेचा प्रोसेसर लहान पेटीत मर्यादा घालून चालवणे शक्य असते. मात्र ज्या शेवटच्या टक्क्यांसाठी त्याची जादा किंमत मोजली, ते टक्केच तिथे सोडून द्यावे लागतात, हे विसरता कामा नये.

प्रोसेसरच्या नावामागची अक्षरेही तपासून घ्यावीत. इंटेल आणि एएमडी या दोघांच्याही नावाअखेर एफ हे अक्षर असेल तर त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसते, म्हणून वेगळे कार्ड नसलेल्या जुळणीत असा प्रोसेसर निरुपयोगी ठरतो. इंटेलमध्ये टी हे अक्षर ३५ वॉटचा, कमी वेगाचा प्रकार दाखवते. एएमडीमध्ये जी हे अक्षर सशक्त अंतर्गत ग्राफिक्स दाखवते. जानेवारी २०२४ मध्ये आलेले रायझन ५ ८६००जी आणि रायझन ७ ८७००जी हे प्रोसेसर ६५ वॉटमध्ये, कोणत्याही कार्डाशिवाय, साधे खेळ आणि हलके व्हिडिओ-संपादन पेलू शकतात. याच प्रोसेसरांची दुसरी बाजू अशी, की ते ग्राफिक्स कार्डासाठी सोळाऐवजी आठच मार्गिका उपलब्ध करून देतात. म्हणून पुढे मोठे कार्ड घालायचा निश्चित बेत असेल, तर सुरुवातीपासूनच साधा प्रोसेसर घेणे अधिक सरळ पडते.

ग्राफिक्स कार्ड, मेमरी आणि साठवण

ग्राफिक्स कार्डाबाबत नावापेक्षा वॉट, लांबी आणि जाडी हे तीन आकडे पाहावेत. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या कार्डाची मर्यादा ११५ वॉट होती, तर त्याच्या जागी २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० ची १४५ वॉट आहे. नावाचा दर्जा तोच राहिला, उष्णता मात्र तीस वॉटने वाढली. मदरबोर्डाची खाच स्वतः ७५ वॉटपर्यंत वीज पुरवते, त्यामुळे आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी आवृत्तीसारखी ७० वॉटची कार्डे वेगळ्या केबलशिवाय चालतात आणि अगदी चिंचोळ्या पेटीत त्यांना पर्याय सापडत नाही. एकाच चिपची कार्डे वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या लांबीची बनवतात. १७० मिलिमीटरचे एका पंख्याचे कार्डही मिळते आणि तीनशे मिलिमीटरचे तीन पंख्यांचेही. जे बसेल त्यातले सर्वांत लहान घेण्यापेक्षा, जे बसेल त्यातले सर्वांत मोठे हीटसिंक असलेले घेणे शहाणपणाचे ठरते.

मेमरीच्या दोनच खाचा असल्यामुळे तिचा निर्णय एकदाच आणि नीट करावा लागतो. प्रोसेसर दोन मार्गांनी एकाच वेळी मेमरीशी बोलतो, म्हणून ३२ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी १६ जीबीच्या दोन पट्ट्यांचा संच घ्यावा. डीडीआर५ प्रकारची, सेकंदाला सहा हजार दशलक्ष हस्तांतरणे करणारी मेमरी एका मार्गातून ४८ आणि दोन मार्गांतून ९६ गिगाबाइट प्रतिसेकंद एवढा डेटा वाहून नेते. वेगळे कार्ड नसलेल्या संगणकात अंतर्गत ग्राफिक्स याच मेमरीवर जगत असल्याने तिथे हा दुप्पट फरक पडद्यावर थेट जाणवतो. पट्टीचा छापील वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये एएमडीकरिता एक्स्पो किंवा इंटेलकरिता एक्सएमपी ही मांडणी सुरू करावी लागते, अन्यथा मेमरी हळू वेगानेच चालत राहते. बुटक्या कूलरखाली येणाऱ्या पट्ट्यांवर शोभेचे उंच पत्रे नसावेत.

साठवणीसाठी एम.२ प्रकारची, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब एसएसडी थेट मदरबोर्डावर बसते आणि दोन केबल वाचवते. जुनी साटा जोडणी सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास थांबते, तर चौथ्या पिढीची एम.२ एसएसडी सात हजारांपर्यंत पोहोचते. पाचवी पिढी त्याहूनही वेगवान असली तरी ती अधिक तापते आणि तिला जाड हीटसिंक लागते. मिनी-आयटीएक्स फलकावर दुसरी एम.२ खाच बहुधा पाठीमागे, हवा न पोहोचणाऱ्या जागी असते. म्हणून लहान पेटीत चौथ्या पिढीवर थांबणे आणि वाचलेले पैसे क्षमतेवर खर्च करणे योग्य.

वीजपुरवठा : पेटीतला आणि भिंतीतला

बाजारात एसएमपीएस या नावाने ओळखला जाणारा वीजपुरवठा-संच भिंतीतील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे संगणकाला लागणाऱ्या १२ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. नेहमीचा एटीएक्स संच १५० मिलिमीटर रुंद असतो. लहान कॅबिनेटसाठी एसएफएक्स हे १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटरचे मानक आहे आणि एसएफएक्स-एल या त्याच्या भावंडाची खोली १३० मिलिमीटर असते. हे तीस मिलिमीटर कार्डाच्या लांबीवर येऊ शकतात, हे मापताना लक्षात घ्यावे. ८० प्लस हे प्रमाणपत्र रूपांतरात वाया जाणारी वीज मोजते. त्याची गोल्ड श्रेणी ११५ व्होल्टवरील निम्म्या भारावर किमान ९० टक्के कार्यक्षमता मागते. वाया गेलेले उरलेले टक्केही पेटीतच उष्णता म्हणून पडत असल्याने, लहान संगणकात चांगल्या श्रेणीचा संच वीजबिलापेक्षा तापमानासाठी मोलाचा ठरतो.

एक उदाहरण घेतल्यास बेरीज स्पष्ट होईल. रायझन ५ ७६०० चे ८८ वॉट, आरटीएक्स ४०६० चे ११५ वॉट, आणि मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी व पंखे यांचे मिळून सुमारे ४५ वॉट धरले, तर एकूण भार २५० वॉटच्या घरात येतो. क्षणिक उसळ्यांना वाव ठेवून ४५० वॉटचा एसएफएक्स संच यासाठी पुरेसा होतो. ७५० किंवा ८५० वॉटचा संच घेण्याचे कारण उरत नाही. नव्वद टक्के कार्यक्षमतेवर भिंतीतून सुमारे २७८ वॉट ओढले जातात आणि पडद्याचे तीसेक वॉट मिळवले की आकडा तीनशेपार जातो. दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा साधा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच देऊ शकतो, म्हणून अशा संगणकासाठी एक हजार व्हीएचा घेणे सुरक्षित. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध तरंगाऐवजी पायऱ्यापायऱ्यांचा तरंग देतात आणि आधुनिक एसएमपीएसपैकी काहींना तो मानवत नाही, तेव्हा वीज गेल्यावर संगणक चालू राहतो का, हे खरेदीनंतर लगेच तपासून पाहावे. घरातील तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे ना, याची खात्री तर त्याही आधी हवी.

खरेदी, जुळणी आणि देखभाल

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही सुट्या भागांची जुनी, ओळखीची बाजारपेठ असली, तरी मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आणि एसएफएक्स संच तिथेही मोजकेच मिळतात, आणि कॅबिनेट अनेकदा मागवूनच घ्यावे लागते. त्यामुळे आधी कॅबिनेट आणि वीजपुरवठा-संच यांची उपलब्धता पक्की करावी, मग उरलेल्या भागांना हात घालावा. परदेशातून परस्पर आणलेल्या वस्तूला भारतातील वितरकाची वॉरंटी मिळेलच असे नाही, हेही विचारून घ्यावे.

जुळणी करताना प्रोसेसर, मेमरी, पाठीमागची एसएसडी आणि कूलर हे भाग मदरबोर्ड बाहेर असतानाच बसवावेत आणि मदरबोर्डाच्या खोक्यावर ठेवून संगणक एकदा सुरू करून पाहावा, कारण पेटीत बसवल्यानंतर यांपैकी एकालाही हात लावायचा म्हणजे सगळे उसवावे लागते. केबल हवेच्या वाटेतून बाजूला बांधाव्यात. आत हवा लोटणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा किंचित सरस ठेवले, तर हवा गाळणीतूनच आत येते आणि फटींतून धूळ ओढली जात नाही. धुळीच्या गावात गाळणी दर महिन्याला झटकावी. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत संगणक खिडकीशी ठेवू नये, कारण धातूच्या जोडांना गंज चढतो.

एवढा खटाटोप प्रत्येकाने करावा असे मात्र नाही. केवळ कार्यालयीन काम असेल तर तयार मिनी पीसी किंवा अॅपलचा मॅक मिनी स्वस्तात आणि कमी जागेत ते करतात. सुमारे पावणेतेरा सेंटीमीटर बाजूचा २०२४ चा मॅक मिनी तर एका लिटरहूनही लहान आहे. तिथे ग्राहक जागा वाचवतो आणि सुधारणेचा हक्क सोडतो, कारण मॅक मिनीची मेमरी पुढे वाढवता येत नाही. सुट्या भागांचा आटोपशीर संगणक त्यांच्यासाठी आहे, ज्यांना टेबलावर जागा कमी पण कामाला ताकद जास्त हवी आहे आणि चार-पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर किंवा कार्ड बदलून तोच संगणक पुढे चालवायचा आहे. त्यांनी कामापासून सुरुवात करावी, पेटी ठरवावी, तिला सोसतील तेवढेच वॉट आत घालावेत आणि तापमानाचा हिशेब आपल्या गावच्या मे महिन्यासाठी करावा; हा क्रम पाळला, तर दहा लिटरचा संगणक टॉवरच्या जवळपास काम देतो आणि हा क्रम मोडला तर लहान पेटी केवळ महाग ठरते.